बावीसपैकी एकवीस

सोमवार, ५ जानेवारी

बावीस माणसं, साडेतीन तास, आणि एकही उलटी नाही! कोणी पडलं नाही, कोणी भिंतीवर हात आपटला नाही, हेडसेट मध्येच बंद पडला नाही. सातपूरच्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, डाळीच्या फोडणीच्या ठसक्यात, मी आज आजवरचा सगळ्यात सुरळीत डेमो दिला. स्वतःच लिहून ठेवते, दुसरं कोणी म्हणणार नाही.

माझी पद्धत आता पक्की झालीय. आधी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवायची, तिच्या बाहेर कोणी जायचं नाही. मधोमध खरीखुरी लाकडी फळी ठेवायची, दोन बोटं जाडीची. पायाखाली काहीतरी लागलं की माणसाला सगळंच खरं वाटतं. आलेल्याला कपाळावरचं गंध पुसायला लावायचं, नाहीतर ते पुढच्याच्या कपाळावर उमटतं. कागदी मास्क, भिंगं पुसायची, डोक्याला तेल असेल तर पट्टा दोनदा पुसायचा. व्हीआरचा हेडसेट डोळ्यांवर चढवला की आतल्या चित्रात तो दहाव्या मजल्याच्या छताच्या कडेला. समोर फळी, पलीकडे दुसरं छत. उंचीवर सावधपणे काम कसं करायचं याचं प्रशिक्षण म्हणून आम्ही हे कारखान्यांना विकतो. पलीकडे जायचं, परत यायचं. चार मिनिटं.

माझा हात त्याच्या कोपराजवळ, पण टेकवायचा नाही. 'घाबरू नका' असं चुकूनही म्हणायचं नाही, त्यानेच माणूस घाबरतो. आणि मुख्य म्हणजे बोलत राहायचं. आतल्या माणसाला बाहेरचा आवाज तुटला की तो गांगरतो. "जमीनच आहे दादा, टाका पाय, छान, आता दुसरा." अखंड! बाबा म्हणतात, तुझं तोंड दुखत नाही का? मी म्हटलं, तुम्ही रामकुंडावर दिवसभर मंत्र म्हणताना दुसरं काय करता?

कँटीनच्या कलाबाईंनाही हौस. पदर खोचून, हेडसेटला नमस्कार करून घातला. आत गेल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, इतक्या वर कशाला आणलं मला! खाली पोळ्या राह्यल्या ना!" सगळं कँटीन हसलं. त्यांना मी बावीसात धरलेलं नाही.

फक्त एक अडला. लहानू नावाचा, सुरगाण्याकडचा, चाळिशीचा असेल, काटकुळा. फळीच्या तोंडाशी उभा राहिला तो राहिलाच. आत जे दिसतं ते मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दिसत असतं. बाकीचे टेबलं बडवायला लागले. "लहानू, आईला बोलवू का?" मी आपली बोलतेच आहे. तो काहीतरी पुटपुटला, मान इकडेतिकडे फिरवली, आणि म्हणाला, "नाय ताई. असा नाय जात मी." स्वतःच हेडसेट काढला आणि दोन्ही हातांनी नीट माझ्या हातात दिला. तिथले पर्सोनेल मॅनेजर मनोज सर, त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. मी म्हटलं, "पुढचं कोण?"

बावीसपैकी एकवीस. वाईट नाही!


मंगळवार, ६ जानेवारी

रविराजने ऑफिसात पेढे आणले. कॉलेजात असताना हा वडापाव अर्धा करून द्यायचा, आता कंपनीचा मालक झालाय तर पेढे. मनोज सरांचा फोन आला होता. पाच हेडसेट आणि वर्षभराचं प्रशिक्षण घेणार म्हणाले! २० तारखेला सह्या.

आणखी एक म्हणाले. "मॅडमचा डेमो इतका छान की मी त्यावरूनच माणसं निवडली." त्यांना छतावरच्या कामासाठी चार माणसं कायम करायची होती. जे न अडखळता फळीवरून गेले त्यांतले चार घेतले.

डेमो म्हणजे परीक्षा नव्हे, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. रविराजला म्हटलंही, जरा. तो म्हणाला, "अगं, चांगलंच आहे की! वापर वाढतोय." मी दुसरा पेढा घेतला.


गुरुवार, ८ जानेवारी

घसा बसलाय. हळदीचं दूध. मास्क संपत आलेत.


शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळी रविराज म्हणाला, जाहिरातीसाठी गमतीचे तुकडे काढ. प्रत्येक डेमोचं रेकॉर्डिंग होतंच, चित्र आणि आवाज दोन्ही. कलाबाईंच्या पोळ्या काढल्या. लहानूचा तुकडा काढला, मागचा हशा ठेवला, खाली लिहिलं 'उंचीची भीती? आमच्याकडे या!' पाठवूनही दिला. वीस सेकंदांचा.

दुपारी अहवाल करायचा म्हणून लहानूचं अख्खं रेकॉर्डिंग लावलं.

घाबरलेला माणूस खाली बघतो. मी शेकडो पाहिलेत, सगळे खाली बघतात, मग डोळे मिटतात. हा खाली बघतच नाही. वर बघतो. मग आपल्या कमरेकडे. परत वर. मग हात वर करून डोक्यामागे हवेत काहीतरी चाचपतो.

मी चित्र थांबवलं आणि तो बघत होता तिथे बघितलं. आमच्या त्या छतावर माणसाच्या कमरेला सेफ्टी बेल्ट दाखवलाय. बेल्टची दोरी मागून वर जाते. वर एक तार ताणलेली आहे, त्या तारेत दोरीचा हुक अडकवायचा असतो. आणि हुक तारेत नाहीये. तारेच्या खाली, वीतभर, हवेत लोंबतोय! ज्याने चित्र केलं त्याने नुसता काढून सोडून दिलाय. आणि तो लावायची सोयही केलेली नाही. कितीही हात फिरवा, हुक हातात येतच नाही.

गणपतीपासून मी हे दाखवतेय. मी कधी वर बघितलंच नाही.

मग आवाज वाढवून ऐकलं. टेबलांचा दणदणाट. माझा आवाज. "जमीनच आहे दादा, टाका पाय." आणि माझ्या आवाजाखाली त्याचा, हळू, दोनदा. "ताई, हुक नाय लावेल. हुक नाय लावेल, ताई."

बावीसांत एकाचंच बरोबर होतं. त्यालाच मी नापास करून आले.


शनिवार, १० जानेवारी

रविराजला दाखवलं. त्याने दोनदा मागे नेऊन बघितलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"आणि मनोज सरांना?"

"सई, ऐक ना. वीस तारखेला सह्या आहेत. सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात हुकच लावायचा राहिला, असं सांगू आता? कोणाच्या लक्षात तरी आलंय का?"

"लहानूच्या."

"कोण लहानू?"

मी भांडायला हवं होतं. इतर वेळी मी चहात साखर कमी पडली तरी भांडते. पण डेमो माझा होता ना. सुरळीत, सुंदर, माझा डेमो! तो चुकला होता असं चारचौघांत म्हणायची मलाच लाज वाटत होती. रविराजचं निमित्त. मी म्हटलं, ठीक आहे, सह्या झाल्या की सांगू.


रविवार, ११ जानेवारी

बाबांना सांगितलं. उगाच सांगितलं.

ते म्हणाले, "त्या माणसाचं पूर्ण नाव काय?" मला ठाऊक नाही. बाबा यजमान समोर बसला की आधी नाव, गोत्र, गाव विचारतात, मगच पाणी सोडायला लावतात. मी विचारते, चष्मा आहे का, चक्कर येते का. बस्स.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, मी कधी ऐकली नव्हती. मी लहान असताना निफाडचं एक कुटुंब श्राद्धाला आलं होतं. गर्दीचा दिवस. संकल्पात बाबांनी त्यांच्या आजोबांऐवजी आधीच्या यजमानांच्या आजोबांचं नाव घेतलं. ती माणसं जेवून, पाया पडून निघून गेली. संध्याकाळी बाबांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निफाडला गेले, त्यांच्या अंगणात त्यांना पुन्हा बसवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं.

"पण त्यांना कुठे कळलं होतं?"

"मला कळलं होतं ना."

मी चिडले. म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्हाला मॅनेजर नसतो. बाबा संध्येला बसले. मी चिडले कारण ते बरोबर बोलत होते. इथे लिहायला काय जातंय.


बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. मनोज सरांना शुभेच्छांचा मेसेजही केला, पतंगाच्या चित्राचा. बाकी गप्प.


शुक्रवार, १६ जानेवारी

पुन्हा त्याच कारखान्यात, दुसऱ्या पाळीच्या माणसांना डेमो. मी रविराजला म्हटलं की फळी दाखवणार नाही, फक्त आग विझवायचं दाखवीन. तो बरं म्हणाला.

गेल्या गेल्या लहानूला शोधलं. नाही. कलाबाई म्हणाल्या, "तो व्हय? त्यो गेला काम सोडून. लय चिडवलं मेल्यांनी."

झालं असं. रविराजने माझा तो तुकडा मनोज सरांना पाठवला. मनोज सरांनी कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. मग लहानू जेवायला बसला की कोणीतरी ताटापासून दारापर्यंत चुन्याची रेघ ओढायचं आणि म्हणायचं, "चाल लहानू, जमीनच हे!" माझ्या आवाजात! माझी नक्कल करून! तीन दिवस त्याने ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी आला नाही.

तो तुकडा मी काढला. हशा मी ठेवला. खालची ओळ मी लिहिली, आणि लिहिताना मला हसूही आलं होतं. मला माझीच किळस येतेय.

निवडलेल्या चारांतला एक रोहित, निफाडचा, पंचविशीचा, तोंडभर हसणारा. आपणहून आला. "म्याडम, ओळखलं का? मी तं फळीवरून पळालोच व्हतो!" हो, ओळखलं. टाळ्या मीच वाजवल्या होत्या त्याच्यासाठी. त्याला लहानूबद्दल विचारलं. म्हणाला, "लहानूदादा? मोबाईलच्या टावरवर चढायचा ना तो. आठ-नऊ वर्षं केलं त्यानं. मला पन नाय कळलं, इथं कसा काय भ्याला."

आठ-नऊ वर्षं टॉवरवर!

लहानूचा आणि त्याचा, दोन्ही नंबर घेतले. रोहितचं छतावरचं काम सोमवारपासून सुरू.


शनिवार, १७ जानेवारी

लहानूचा नंबर तीनदा लावून तीनदा तोडला. चौथ्यांदा वाजू दिला.

द्राक्षबागेत होता, पिंपळगावकडे. मागे बायकांची गडबड, क्रेट आपटल्याचे आवाज. आधी मी पूर्ण नाव विचारलं. लहानू महादू गावित. त्याला गंमत वाटली असावी, हसला.

मी म्हटलं, "दादा, हुक लावलेला नव्हता."

"नव्हताच ना."

"मग तुम्ही मोठ्याने का नाही सांगितलं?"

"सांगला ना ताई. दोनदा सांगला. तुमी बोलत व्हत्या."

मी माफी मागितली. नीट नाही जमली, अर्धी रडण्यात गेली. म्हटलं, मी मनोज सरांना सांगते, ते तुम्हाला परत घेतील, कायम करतील. तो म्हणाला, "नको. हितं बरा हाय. जमिनीवर हाय." मग क्रेटच्या गडबडीतून बाजूला गेला.

"ताई, माझा सोडा. ती बाकीची पोरं. सगली तशीच गेली ना फलीवरून? म्या बघला ना टीव्हीवर. एकानं पन वर नाय बघला. आन् तुमी छान छान म्हनल्या. आता ती खऱ्या पत्र्यावर चढतील तं तशीच चढतील. त्यांना सांगा कोनी."

फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसून राहिले. आठवडाभर मी स्वतःला कोसतेय ते एका माणसाच्या अपमानासाठी. एकवीस माणसांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ती पास झाली होती ना!


रविवार, १८ जानेवारी

मोजलं. गेल्या गणपतीपासून चौदा ठिकाणी फळी दाखवली. सहाशे चाळीस माणसं. सहाशे चाळीस माणसांना मी हुक न लावता पाऊल टाकायला शिकवलं, आणि छान म्हटलं.

रोहितला फोन केला, उचलला नाही. मेसेज केला. उद्या हुक लावल्याशिवाय पाय टाकायचा नाही, लावलेला डोळ्यांनी बघायचा, मगच. त्याने अंगठा पाठवला आणि पतंगाचं चित्र.

रविराजलाही कळवून टाकलं, उद्या मी सांगणार आहे. विचारलं नाही. कळवलं. तो बरंच बोलला. कॉलेजपासूनची सगळी मदत काढली. त्याचंही चुकत नाही, त्याने घर पणाला लावलंय या कंपनीसाठी. पण मी ऐकत राहिले आणि शेवटी म्हटलं, "आठ वाजता जातेय."


सोमवार, १९ जानेवारी

आठला गेटवर. मनोज सर साडेआठला आले. रेकॉर्डिंग दाखवलं, हुक दाखवला, लहानूचा आवाज ऐकवला. आधी म्हणाले, "अहो मॅडम, खेळ आहे तो." मी म्हटलं, "खेळ होता तर त्यावरून माणसं का निवडलीत?" माझा आवाज चिरकला. कँटीनमधून कलाबाई बघायला आल्या.

मग आम्ही छताखाली गेलो. चौघं वर चढायच्या तयारीत. बेल्ट सगळ्यांच्या कमरेला, नवे कोरे. आणि वर तार? तार अजून ताणलेलीच नव्हती! माणूस उद्या येणार होता ती ओढायला. मी रोहितला विचारलं, "हुक कशात लावणार होतास?" तो वर बघायला लागला. माझा मेसेज वाचून अंगठा पाठवणारा मुलगा! म्हणाला, "म्याडम, दोनच पत्रे बदलायचेत. बेल्ट घातलाय ना."

मनोज सरांचा चेहरा उतरला. काम थांबवलं. तार ओढून झाल्यावरच चढायचं, तसं लेखी काढलं. मला म्हणाले, "एक दिवस गेला आमचा." मग गाडीत बसताना, न बघता, "त्या लहानूचा नंबर द्या मला. माफी मागतो." उद्याच्या सह्या अर्थातच नाहीत.

रविराज माझ्याशी बोलत नाहीये. तरी आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बाबांनी विचारलं, झालं? म्हटलं, झालं. मला खरंच तसं वाटलं.


बुधवार, २१ जानेवारी

बाकीच्या तेरा ठिकाणी फोन करायला घेतलेत. एकेकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. चूक आमची, हुक बघा, माणसांना पुन्हा एकत्र करा, मी येऊन सांगते. काही जण हसतात. एकाने विचारलं, "पण हेडसेट परत आणणार ना?" एका बाईंनी मात्र लगेच वेळ दिली. सहा झाले. घसा पुन्हा बसतोय, बसू दे.


शुक्रवार, २३ जानेवारी

अकरावा फोन, अंबडचा. ऑक्टोबरमध्ये गेले होते तिथे. सगळं ऐकून घेऊन ते साहेब म्हणाले, "उशीर झाला, मॅडम. आमचा केरू डिसेंबरातच पडला. पत्र्यावरून. बेल्ट होता कमरेला, हुक मोकळाच होता. आता नामपूरला घरी पडून असतो. कमरेखाली काही हलत नाही."

त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतंच. लावलं. तो फळीच्या तोंडाशी थांबतो. वर बघतो. विचारतो, "ताई, आसंच जानं शे का?"

आणि मी म्हणते, "हो."